पर्स व खिसे येथे रिकामे करावेत

कुंदाताई दर रविवारी सकाळी सव्वासहाला आमच्याकडे यायच्या. सव्वासहा म्हणजे सव्वासहा. दोन मिनिटं उशीर झाला तर दोष रिक्षावाल्याचा असायचा आणि तो त्याच्या तोंडावर सांगून मगच त्या उतरायच्या. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी साडेसहा वाजले तरी खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला नाही. मी गॅलरीत उभी राहून वाक्य तयार करत होते, "काय ताई, आज बिचाऱ्याला किती बोललात?" इतक्यात फोन वाजला. कसब्यात त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या लेलेकाकू बोलत होत्या. "नीला, दुधाची पिशवी बाहेरच लटकलेली दिसली, म्हणून माझ्याकडच्या किल्लीनं आत गेले. कुंदा उठत नाहीये गं..." झोपेतच गेल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा खुर्चीच्या पाठीवर त्यांची रविवारची पँट होती, आणि खाली कॅनव्हासचे बूट, टोकं दाराकडे करून ठेवलेले. अडुसष्ट वर्षांच्या बाईची सकाळची तयारी आदल्या दिवशीच झालेली होती. आपल्यामुळे कुणाचा तरी रविवार वाया गेला, हे त्यांना अजिबात आवडलं नसतं.

कुंदाताई माझ्या नवऱ्याची, मोहनची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. "का नाही केलं?" असं विचारणाऱ्याला "रविवारीच सुट्टी असायची" असं उत्तर मिळायचं. चिंचवडच्या एका कारखान्यात त्या विशीत ट्रेसर म्हणून लागल्या. मोटारींच्या सुट्या भागांची चित्रं ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायची, रेघ जाड झाली तर ब्लेडनं खरवडायची, असं ते काम. पंचवीसेक वर्षं केलं. मग देशाची दारं उघडली, कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला, त्याच्यामागोमाग कॉम्प्युटर आले आणि सगळे ड्रॉइंग बोर्ड जिन्याखाली गेले. बरोबरीच्या मंडळींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि उरलेला वेळ सरकारला नावं ठेवण्यात घालवला. कुंदाताईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लक्ष्मी रोडवर कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगचा क्लास लावला. वर्गात सगळ्यात मोठ्या त्याच. मास्तरसुद्धा त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. पुढे हिंजवडीतल्या एका कंपनीला परदेशातल्या मोटारींची ड्रॉइंग तपासणारं माणूस हवं होतं. तिथल्या मुलांना कॉम्प्युटर येत होता, पण भोक कुठे पाडलं तर पत्रा फाटतो हे कळत नव्हतं. कुंदाताईंना कळत होतं. त्या तिथे 'मॅडम' झाल्या.

आणि एक दिवस जेवायला आल्या असताना, भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या काढतेय. आता एक माझी घेणार. जुनी घेईन, पण दोन सीटची, हलकी, वेगाची."

"कामावर जायला?" मोहननं विचारलं.

"कामावर जायला कंपनीची बस आहे. ही रविवारसाठी. आणि एकदा ट्रॅकवर न्यायची."

ट्रॅकचं त्यांना ऑफिसातल्या रोहितनं सांगितलं होतं. हा यवतमाळकडचा मुलगा, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. कोइमतूरच्या बाजूला गाड्यांच्या शर्यतीचा एक ट्रॅक आहे, आणि वर्षातले काही दिवस तिथे कुणालाही आपली गाडी घेऊन जाता येतं. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं मोकळ्या रस्त्यावर गाडीच्या आणि आपल्या अंगात किती दम आहे ते पाहायचं. "मॅडम, काहून विचार करून राहिल्या? घेऊन टाका ना," हे रोहितचं मत. मोहनचं मत वेगळं होतं. "ताई, कमरेला पट्टा बांधून फिरतेस, आणि शर्यतीची गाडी?" त्यावर त्या म्हणाल्या, "त्या गाडीत चार पट्टे असतात. माझा एक वाचेल."

पण गोष्ट इतकी सोपी नव्हती. कसब्यातल्या त्यांच्या गल्लीत दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. कुंदाताईंनी गल्ली टेपनं मोजली, कागदावर काढली, त्यात गाडी बसवून पाहिली. "गाडी शिरते," त्यांनी कळवलं, "पण दार उघडत नाही. म्हणजे मला गाडीतच राहावं लागेल." तेव्हा गाडी ठेवायची तर बिबवेवाडीला आमच्या पार्किंगमध्ये. म्हणजे आमची परवानगी आली. आणि दुसरं म्हणजे मी. विम्यासाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करणं हा माझा व्यवसाय आहे. आयुष्य मोडलेल्या गाड्यांखाली झोपून गेलं. कुंदाताईंनी सरळ सांगितलं, "नीला, गाडी तू बघायचीस. तू नको म्हणालीस तर नाही घेणार. पुन्हा विषय काढणार नाही." एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. त्यांनी दुसऱ्यावर सोपवलेलं काहीही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या गेल्यावर मोहन मला म्हणाला, "काहीतरी काढ त्या गाडीत. तुला सापडतंच." मीही हो म्हटलं. खोटं कशाला सांगू? मोडलेल्या गाड्यांत कोण बसलं होतं हेही मला रोज कळायचं. सत्तावन्न वर्षांची माझी नणंद मला त्या यादीत नको होती.

गाडी लोणी काळभोरला होती. एका बागायतदारानं हौसेनं घेतलेली, ऊस आणि गुलाबाच्या पैशावर. बापूसाहेब म्हणायचे त्यांना. गोव्याकडे काही वर्षं अशा गाड्या बनल्या, लोखंडी सांगाड्यावर फायबरचं अंग, वर कापडी टप. रंग लाल. शेडमध्ये कडब्याशेजारी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर एक कोंबडी बसलेली होती. बापूसाहेब स्वतः शंभर किलोंच्या पुढचे. "गाडी येक नंबर हाय ताई," ते म्हणाले, "पर मी आत बसलो की भाईर काढायला दोन गडी लागत्यात. गावात इज्जत ऱ्हाईना." कुंदाताई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि कोंबडीला अदबीनं उतरवलं. मी माझी पिशवी उघडली. जुन्या गाडीवर मी आधी चुंबक फिरवते. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असते, म्हणजे तिथे गाडी ठोकलेली. इतक्या वर्षांची सवय. मी चुंबक दारावर लावलं, ते खाली पडलं. बॉनेटवर लावलं, पडलं. मागे लावलं, पडलं. माझ्या कपाळावर आठ्या. तेव्हा मागून कुंदाताई म्हणाल्या, "नीला, अख्खी गाडी पुट्टीची आहे असं लिहू नकोस हं. फायबर आहे ते." बापूसाहेब इतके हसले की कडब्यातून आणखी दोन कोंबड्या बाहेर आल्या.

मग मी पोतं अंथरून गाडीखाली गेले. आणि तिथे मला हवं ते सापडलं. पुढचं डावं चाक ज्या आधारानं सांगाड्याला धरलेलं असतं, तो आधार एकदा तुटून पुन्हा जोडलेला होता. वेल्डिंग ओबडधोबड, त्यावर काळा रंग. बापूसाहेबांनी लगेच कबूल केलं, "विहिरीच्या कठड्याला लागली हुती. गावातल्या वेल्डरनं केलंय." एवढं एक वाक्य मी जरा जड आवाजात सांगितलं असतं की विषय संपला असता. मी पोत्यावर पडून तेच वाक्य मनात फिरवत होते. तेवढ्यात कुंदाताई खाली बसल्या, कमरेचा पट्टा सावरत, आणि त्यांचा चेहरा गाडीखाली माझ्या चेहऱ्यासमोर आला.

"मोहननं तुला नाही म्हणायला पाठवलंय," त्या हळू म्हणाल्या. "मला माहीत आहे."

मी जोडावरचा काळा रंग नखानं खरवडला.

"तरी तुलाच आणलं. कारण तू खोटं लिहीत नाहीस... काय दिसलं, सांग."

मी जे होतं ते सांगितलं. आधार वाईट जोडलाय, असा चालवायचा नाही. तो कापून नवा बसवला, सांगाडा सरळ आहे हे मोजून पाहिलं, आणि मी पुन्हा तपासलं, तर बाकी गाडी चांगली आहे. इंजिन चांगलं आहे. गाडी प्रामाणिक आहे. हे शेवटचं वाक्य मी कुठल्याही रिपोर्टात लिहिलेलं नाही. घरी आल्यावर मोहननं विचारलं, "सापडलं का काही?" मी म्हटलं, "सापडलं. दुरुस्त होतंय." तो दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

नव्या आधाराचं ड्रॉइंग कुंदाताईंनी स्वतः केलं. कॉम्प्युटर असताना हातानं, शाईनं, तीन बाजूंनी. ते घेऊन आम्ही कसब्यात तांबट आळीजवळ हणमंतराव म्हणून एक कारागीर होते त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद उजेडात धरला. "बाई, इतकं ड्रॉइंग तर विमानालाही नसेल."

"विमानाला खड्डे नसतात," कुंदाताई म्हणाल्या. "जुना आधार दीड किलोचा आहे. नवा त्याहून जड झाला तर परत आणीन."

तो सव्वा किलोचा झाला. हणमंतरावांनी ते इतक्या अभिमानानं सांगितलं, जणू घरात बाळ जन्मलंय. मी सांगाडा कोपऱ्या-कोपऱ्यातून मोजला, जोड तपासला, आणि एका कागदावर 'रस्त्यावर चालवण्यास योग्य' असं लिहून खाली सही केली. कुंदाताईंनी कागद पुढे सरकवला. "ट्रॅकवरही, असं लिही." मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. शेवटी लिहिलं.

आता वजन. हलक्या गाडीचं सगळं गणित वजनात असतं, पुढच्या चाकांवर किती, मागच्यांवर किती. ते कळायला हवं म्हणून कुंदाताईंनी गाडी मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर नेली. पुढे कांद्याचा ट्रक, मागे कांद्याचा ट्रक, मध्ये आमची लाल गाडी, ट्रकच्या चाकाएवढ्या उंचीची. काटेवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "काय भरलंय?"

"काही नाही."

"मग वजन कशाचं करायचं?"

"काही नाही त्याचंच," कुंदाताई म्हणाल्या.

आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग पूर्ण गाडी. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला आणि खाली उतरून बघायला आला. सातशे ऐंशी किलो. "आता ही बसेल," म्हणत त्यांनी मला आत बसवलं. काटेवाल्याकडे माईक होता, आणि हमालांना ऐकू जावं म्हणून वजन माईकवर सांगायची पद्धत होती. "मॅडमसकट आठशे पन्नास!" हे सगळ्या मार्केट यार्डानं ऐकलं. एक हमाल म्हणाला, "येक पोतं वाढलं." घरी येईपर्यंत मी बोलले नाही आणि कुंदाताईंचं हसू थांबलं नाही.

त्याचा परिणाम म्हणजे डबा. पुढच्या रविवारी पार्किंगच्या भिंतीवरच्या फळीवर त्यांनी आपला जुना मिसळणाचा डबा आणून ठेवला, स्टीलचा, आत सात वाट्या असलेला. त्यावर त्यांच्या सुंदर ड्रॉइंगच्या अक्षरात चिकटवलेली पाटी: 'पर्स व खिसे येथे रिकामे करावेत. शरीराविषयी सूचना स्वतंत्रपणे देण्यात येतील.' किल्ल्या एका वाटीत, सुटे पैसे दुसऱ्या, मोबाइल तिसऱ्या. माझ्या बांगड्यासुद्धा निघायच्या. डबा कितीही धुतला तरी हिंगाचा वास गेला नाही, त्यामुळे सोमवारी ऑफिसात पर्स उघडली की माझ्या शेजारचीला भूक लागायची. मी तक्रार केली तर म्हणायच्या, "दोनशे ग्रॅम इथे, तीनशे तिथे. असंच वाढतं गं सगळं."

मग रविवार सुरू झाले. बोपदेव घाटानं सासवड, कधी दिवे घाटानं परत. ऊन चढायच्या आत घरी. मी डावीकडे बसायचे. "चालव की," त्या दर वेळी म्हणायच्या आणि मी दर वेळी "मी मोडलेल्याच बघते" असं सांगायचे. टप उघडा असला की जमीन इतकी जवळ वाटायची की रस्त्यावरचं कुत्रं आपल्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं. सिग्नलला मोटरसायकलवाले वाकून आत बघायचे. एकानं विचारलं, "आजी, नातवाची गाडी का?"

"नाही रे. नातू असता तर मला मिळाली असती का?"

दीड वर्षानं आम्ही कोइमतूरला गेलो. दोन दिवसांचा प्रवास, दोन कापडी पिशव्या, आणि गाडी पूर्ण वेळ त्यांनीच चालवली. रोहित आपली गाडी घेऊन पुढे गेला होता. ट्रॅकच्या फाटकावरच एक पोरगेला तरुण आडवा आला, "आंटी, पार्किंग उस तरफ है." कुंदाताईंनी काच खाली केली. "पार्किंग के लिए इतना दूर नहीं आयी." मग हेल्मेटची भानगड. त्यांच्या अंबाड्यावर ते बसेना. त्यांनी तिथेच, सगळ्या त्या पोरांसमोर, अंबाडा सोडला आणि शाळेत घालायच्या तशा दोन वेण्या घातल्या. करड्या, बारीक, हेल्मेटखालून लोंबणाऱ्या. कुणी हसलं नाही. एकीनं तर रबरबँड काढून दिला.

मी भिंतीपाशी उभी होते. तोवर माझ्या सहीची मला कधी भीती वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. गाडी जोरात उजवीकडे वळली की सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर येतो, आणि त्या ट्रॅकला उजवी वळणंच जास्त. पहिल्या फेरीला त्या मार्केट यार्डात चालवावं तशा आल्या. दुसरीला बऱ्या. चौथ्या-पाचव्या फेरीला ती लाल गाडी वळणात शिरली आणि कंपास फिरवावा तशी गोल, एकसारखी, कुठेही न अडखळता बाहेर पडली. सरळ रस्त्यावर मोठ्या इंजिनाच्या गाड्या त्यांना मागे टाकत होत्या, पण वळणावर कुंदाताई दोन गाड्यांना गाठून पुढे गेल्या. रोहित माझ्या शेजारी उड्या मारत होता, "अबे, मॅडमनं मलेच टाकलं असतं आज!" मी उड्या मारत नव्हते. मी उजवी वळणं मोजत होते.

त्या आत येऊन थांबल्या, तशी मी टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली. आधार होता तसा. केसाएवढी चीर नाही. वरून आवाज आला, "नीला, एकदा माझ्याकडेही बघ. मीसुद्धा आलेय गाडीबरोबर." मी बाहेर आले. हेल्मेट मांडीवर, वेण्या घामानं चिकटलेल्या, चेहरा लालभडक. "ड्रॉइंगमध्ये वळण काढायचं म्हणजे कंपास टेकवायचा आणि फिरवायचा. संपलं," त्या म्हणाल्या. "ते पोटात जाणवतं... हे तीस वर्षं कुणी सांगितलंच नाही गं मला." मग म्हणाल्या, "पुन्हा जाते. अर्धा तास आहे अजून." आणि गेल्या.

त्यानंतरही दोनदा गेलो. पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले तसं सासवडच पुरलं. शेवटच्या रविवारीही सासवडच. घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला, "जवळचा चष्मा डब्यात राहिला बघ. असू दे, पुढच्या रविवारी घेईन. आठवडाभर पेपर वाचला नाही तर तब्येत सुधारेल."

तेरावा झाला, कागदपत्रं झाली. महिन्याभरानं रोहितच्या ओळखीतल्या कुणीतरी गाडीची चौकशी केली. मोहन म्हणाला, "रिपोर्ट करून दे, देऊन टाकू. कोण चालवणार?" मी शनिवारी पोतं घेऊन खाली गेले. टॉर्च लावून सगळं पाहिलं. हणमंतरावांचा आधार जसाच्या तसा, सांगाडा सरळ, ब्रेक उत्तम. वर येऊन हात धुतले.

"काय?" मोहननं विचारलं.

"विकण्याच्या स्थितीत नाही."

"काय झालंय तिला?"

"तपशील नंतर कळवण्यात येईल."

"नीला, तू खोटं लिहीत नाहीस."

"लिहिलंय कुठे? तोंडी सांगितलं," मी म्हटलं. यावर मोहन बऱ्याच आठवड्यांनी हसला, आणि उठून चहा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सव्वासहाला मी फळीवरचा डबा काढला. वाट्यांवर आडवा, घडी केलेला चष्मा होता, काचेवर थोडी धूळ. मी घरच्या किल्ल्यांचा जुडगा एका वाटीत ठेवला, सुटे पैसे दुसऱ्या, मोबाइल तिसऱ्या, बांगड्या काढून चौथ्या वाटीत. मग चष्मा उचलला आणि ओढणीच्या टोकानं पुसला. बरोबर न्यावा असं वाटलं. डावी सीट रिकामीच जाणार होती. हातावर तोलून पाहिला. पंचवीस-तीस ग्रॅम असेल, जास्त नाही...

पण नियम त्यांचाच. चष्मा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि उजव्या बाजूचं दार उघडलं.